ओसरीत घडलेला आरसा

काशीतील दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या बाजूस जी जुनी महाराष्ट्रीय घरे आहेत, त्यांपैकी बहुतेकांच्या देवघरात एक सहाण असते. आमच्या घरातही ती आहे. पणजोबांच्या काळापासून रोज सकाळी तिच्यावर चंदनाचे खोड फिरत आले असून तिच्या मध्यभागी एक मंद, गुळगुळीत खळगा पडला आहे. हा खळगा कोणी मुद्दाम पाडलेला नाही. गंध उगाळणाऱ्या चार पिढ्यांच्या मनात देवपूजेवाचून दुसरा हेतू नव्हता. तरीही त्यावरून बोट फिरवावे तर कोठे उंचवटा लागत नाही की खाच लागत नाही.

दुर्बिणीचा आरसा घरी घडविता येतो ही गोष्ट काकांनी मला प्रथम सांगितली, तेव्हा त्यांनी पुस्तक उघडले नाही. ते देवघरात गेले आणि ही सहाण घेऊन आले. "हिला कोणी कधी मोजमाप लावले होते का?" ते म्हणाले. "हात फिरत राहिला आणि दगड आपण होऊन गोलावला. काचेचेही असेच होते. फक्त तेथे देवाऐवजी दिव्याला उत्तर द्यावे लागते."

दिव्याला उत्तर द्यावे लागते म्हणजे काय, हे समजण्यास मला पुढचा सबंध हिवाळा लागला. सामान्यतः असा समज असतो की अतिसूक्ष्म काम अतिमूल्यवान यंत्रांनीच होते. हा समज सर्वस्वी खोटा नाही. परंतु सहा इंच व्यासाच्या काचेवर, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी अचूकता केवळ दोन हातांनी आणता येते, आणि ती शेकडो वर्षे आणली जात आहे. ते कसे, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

दगडाची अचूकता आणि काचेची अचूकता

आमच्या घरापासून घाटाघाटाने दक्षिणेकडे चालत गेले की दशाश्वमेधाच्या अलीकडे मानमंदिर लागते. आंबेरच्या राजा मानसिंहाचा हा वाडा. त्याच्या गच्चीवर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाने दगडी वेधशाळा उभारली. सम्राट यंत्र, भित्तियंत्र, दिगंश यंत्र ही तेथील यंत्रे आजही पाहावयास मिळतात. मूळच्या महाराष्ट्रातील आणि काशीच्या संस्कृत महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन केलेले बापूदेव शास्त्री (१८२१-१९००) यांनी या वेधशाळेचे वर्णन लिहून ठेवले आहे.

जयसिंहाची दृष्टी अशी, की अचूकता हवी असेल तर यंत्र मोठे करावे. जयपूरचे त्याचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याच्या शंकूची सावली दर मिनिटाला सुमारे सहा सेंटीमीटर सरकते. साहजिकच दोन-दोन सेकंदांचा भेद नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो. धातूची लहान यंत्रे झिजतात, वाकतात. दगड तसा वाकत नाही. जयसिंहाला दुर्बीण ठाऊक होती. शुक्राच्या कला आणि गुरूचे चंद्र तिच्यातून दिसतात, याची नोंद त्याच्या ज्योतिषग्रंथात आहे. परंतु त्याने आपला विश्वास ठेवला तो दगडावर आणि आकारावर.

दुर्बिणीच्या आरशाची रीत याच्या अगदी उलट आहे. येथे वस्तू तळहातावर मावणारी आणि चूक मात्र डोळ्यांनी कधीच न दिसणारी. सहा इंची आरशाची नाभी ४८ इंचांवर आणावयाची, तर काचेच्या मध्यभागी अवघी १.२ मिलिमीटर खोली हवी. एका रुपयाच्या नाण्याची जाडीही याहून अधिक असते. पण ही खोली कडेपासून मध्यापर्यंत इतक्या नेमाने उतरली पाहिजे, की योग्य वक्रापासून तिचा ढळ प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या हिश्शाहून जास्त नसावा. मिलिमीटरचे सुमारे चौदा हजार भाग केले तर त्यांतील एक भाग, एवढीच ही सूट. यापेक्षा चूक मोठी झाली तर ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत गोळा होत नाही आणि गुरू पिठात लडबडल्यासारखा दिसतो.

घासणी

काम सुरू झाले मार्गशीर्षात. साहित्य म्हणजे एक इंच जाडीच्या, सहा इंच व्यासाच्या काचेच्या दोन चकत्या, कार्बोरंडमची पूड, आणि वाळू भरून जड केलेले एक जुने पिंप. हे पिंप आईने ओसरीच्या कोपऱ्यात ठेवू दिले, पण धान्याच्या कोठ्यांपासून दहा पावले दूर राहील या अटीवर. एक चकती पिंपावर घट्ट बसविली. तिच्यावर पाण्यात कालविलेली जाडी पूड पसरली आणि दुसरी चकती वर ठेवून पुढेमागे घासण्यास आरंभ केला. प्रत्येक चारसहा फेऱ्यांनंतर वरची काच हातात थोडी वळवावयाची, आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकावयाचे. एवढीच काय ती विद्या.

असे केल्याने वरची काच खोलगट आणि खालची फुगीर होत जाते. कारण साधे आहे. वरची काच पुढे सरकली की तिचा भार खालच्या काचेच्या कडेवर पडतो, आणि त्या कडेवर टेकलेला असतो तो वरच्या काचेचा मध्यभाग. म्हणून वरचा मध्य झिजतो आणि खालची कड झिजते. परंतु खरी मौज पुढेच आहे. दोन पृष्ठे कशीही सरकविली, कशीही फिरविली, तरी सर्व ठिकाणी एकमेकांस चिकटून राहावीत अशी असतील, तर ती गोलाचाच भाग असली पाहिजेत, नाहीतर सपाट. दुसरा कोणताही आकार सरकविताच कोठेतरी उचलला जातो आणि जेथे टेकतो तेथे झिजतो. म्हणजे जो उंचवटा असेल त्याला घर्षणच शोधून काढते. कारागिराचा हात सारखा नसला, कधी जोर अधिक पडला, कधी मन दुसरीकडे गेले, तरी हजारो फेऱ्यांत या चुका चहूकडे वाटल्या जातात आणि एकमेकींना पुसतात. हात चुकतो म्हणूनच काच बरोबर होते, असे म्हटले तरी चालेल.

खोली पुरेशी झाली की पूड बदलावयाची. ८० नंबरच्या पुडीनंतर १२०, मग २२०, ४००, ६००. नंबर जितका मोठा तितकी पूड बारीक. आधीच्या पुडीने पाडलेले खड्डे पुढच्या पुडीने नाहीसे करावयाचे, याखेरीज या पायऱ्यांचे दुसरे प्रयोजन नाही. अखेरची पूड मैद्याहून मऊ असते. काच तेव्हा दुधी रेशमासारखी दिसू लागते.

दर वेळी पूड बदलण्यापूर्वी काचा, पिंप, हात, नखे, अगदी अंगरख्याच्या बाह्यासुद्धा धुवावयाच्या असतात. माझ्या हातून चूक झाली ती येथेच. ६०० नंबरच्या पुडीचे काम संपत आले असता मी दोरीवरचे जुने फडके ओढून काच पुसली आणि पुन्हा घासू लागलो. चार फेऱ्यांतच कर्र असा एक बारीक आवाज आला. फडक्यात पहिल्या पुडीचा एक कण राहिला होता. त्याने काचेवर कडेपासून मध्यापर्यंत एक पांढरी रेघ ओढली. आता पुन्हा २२० पर्यंत मागे जाणे भाग होते. काका मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी फडके नेऊन बंबाच्या विस्तवात टाकले आणि पिंप धुवावयास घेतले. आठ दिवसांचे काम वाया गेले होते. आई मात्र ओसरीतून जाता जाता म्हणाली, "एवढे चंदन उगाळले असतेस तर एव्हाना विश्वेश्वर प्रसन्न झाला असता."

झिलई

घासलेली काच कितीही मऊ लागली तरी ती प्रकाश विखरते. तिला झिलई द्यावयास दगड किंवा लोखंड चालत नाही. त्यासाठी पिच नावाची, डांबरासारखी काळी राळ वितळवून खालच्या काचेवर थापतात. गरम असतानाच तिच्यावर ओला आरसा दाबून तिचा आकार आरशाशी जुळवून घेतात आणि तिच्यात चौकटीचौकटींचे चर पाडतात. वर पाण्यात कालविलेले सेरियम ऑक्साइड लावतात. पूर्वी लोहाच्या तांबड्या भुकटीचा उपयोग करीत.

घासणी आणि झिलई यांत केवळ बारीकपणाचा फरक नाही. घासताना पुडीचे कण दोन काचांच्या मध्ये गडगडत जातात आणि काचेचे कपचे उडवितात. झिलईत कण राळेत रुतून बसतात आणि गडगडत नाहीत. शिवाय सेरियम, पाणी आणि काच यांच्यात थोडी रासायनिक क्रियाही घडते आणि काचेचा अत्यंत पातळ थर जणू पुसला जातो. राळेचा गुण असा, की ती झटक्याला कठीण आणि सावकाश दाबाला मऊ असते. यामुळे ती आरशाच्या बदलत्या आकाराशी आपोआप जुळत राहते.

परंतु राळेला ऋतू कळतो. काशीत पौषात गंगेवरचे धुके दुपारपर्यंत उठत नाही. त्या थंडीत आमची राळ इतकी कठीण झाली की काचेवर बारीक केसाएवढ्या रेषा उमटू लागल्या. तिच्यात टर्पेंटाइनचे थोडे थेंब घालून ती पुन्हा वितळवावी लागली. नीट झाली की नाही हे पाहण्याची काकांची रीत म्हणजे अंगठ्याचे नख. नख दाबून धरल्यावर सावकाश खूण उमटली पाहिजे. लगेच उमटली तर राळ फार मऊ आणि उमटलीच नाही तर फार कठीण. पुढे कित्येक तासांच्या झिलईनंतर दुधी काच हळूहळू पारदर्शक झाली आणि एके सायंकाळी तिच्यात ओसरीचा दिवा उलटा दिसला.

दिव्याला उत्तर

येथवर आलेला मनुष्य सहज समजतो की काम संपले. वस्तुतः ते येथे सुरू होते. काच चकाकते म्हणजे तिचा आकार बरोबर आहे असे नव्हे. तो बरोबर आहे की नाही हे सांगणारी युक्ती लेऑं फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये शोधून काढली. पृथ्वीचे परिवलन लंबकाने दाखविणारा तोच हा फूको.

माजघराच्या एका टोकास आरसा उभा केला आणि आठ फुटांवर, म्हणजे त्याच्या वक्रतेच्या केंद्राशी, टाचणीच्या छिद्रातून येणारा दिव्याचा प्रकाश ठेवला. आरशावरून परतलेले किरण त्या दिव्याशेजारीच एका बिंदूत जमतात. तेथे दाढीचे पाते हळूहळू सरकवावयाचे आणि पात्यामागून आरशाकडे पाहावयाचे. आरसा निर्दोष गोल असेल तर सर्व किरण एकाच बिंदूतून जातात, आणि पाते आडवे येताच सबंध आरसा एकदम, सारखा करडा होतो. कोठे उंचवटा किंवा खळगा असेल तर तेथले किरण बिंदू चुकवितात. मग आरशावर बाजूने उन्हे पडावीत तशी डोंगर-दऱ्यांची सावली दिसू लागते. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या घरातील दोष असा डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि त्यासाठी लागते ते एक पाते, एक दिवा आणि अंधारी खोली.

काकांनी मला प्रथम एक गंमत दाखविली. त्यांनी आरशावर अंगठा दहा सेकंद टेकला आणि मला पात्यामागून पाहावयास सांगितले. जेथे अंगठा टेकला होता तेथे एक टेकडी उभी राहिली होती. अंगठ्याच्या उबेने काच तेवढीच फुगली होती. मी पाहत असतानाच ती टेकडी हळूहळू बसली आणि काही मिनिटांत नाहीशी झाली. आपल्या हाताची ऊब काचेला किती लागते, हे त्या दिवशी कळले. म्हणूनच पाच मिनिटे झिलई करावी आणि तासभर आरसा थंड होऊ द्यावा, असा नेम ठरला. घाईने पाहिलेला आरसा खोटे बोलतो.

आमच्या आरशाची कड उतरलेली निघाली. कडेची पाव इंच रुंद पट्टी मधल्या भागापेक्षा खाली गेली होती. नवख्यांचा हा नित्याचा दोष आहे. राळ मऊ असली किंवा हात फार लांब फिरला की तो होतो. आखूड, संथ फेऱ्यांनी तो दुरुस्त करण्यात सबंध माघ गेला. त्यानंतर राहिली शेवटची पायरी. गोल आरसा ताऱ्याचे किरण नेमके एका बिंदूत आणीत नाही. त्यासाठी अन्वस्त आकार हवा. म्हणजे गोलाचा मध्य किंचित अधिक खोल करावयाचा. सहा इंची आरशात हा फरक मिलिमीटरच्या एक दशसहस्रांशाच्या आतबाहेरचा असतो. लांब, तिरप्या फेऱ्या थोडी मिनिटे देऊन तो साधतात. दिवा स्थिर ठेवून पाते आरशाच्या मध्यासाठी आणि कडेसाठी वेगवेगळे जुळवावे, आणि दोन जागांत सुमारे २.४ मिलिमीटर अंतर यावे, की आकार साधला. आम्ही हे अंतर सात रात्री मोजले. पाचव्या रात्री ते अधिक झाले आणि पुन्हा थोडे मागे यावे लागले. सातव्या रात्री काकांनी पाते खाली ठेवले आणि म्हणाले, "आता हात लावू नकोस."

बाथचा संगीतकार

हे वेड आमचेच नव्हे. इंग्लंडमधील बाथ शहरी विल्यम हर्शल नावाचा एक संगीतशिक्षक होता. त्याला हवी तशी दुर्बीण विकत घेणे परवडेना, म्हणून तो घरीच आरसे घडवू लागला. त्या काळी आरसे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. एकदा त्याने सोळा तास आरशावरून हात उचलला नाही. बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवीत होती. अशाच एका घरगुती, सुमारे सहा इंची आरशाने त्याने १३ मार्च १७८१ रोजी युरेनस ग्रह शोधला. शनीच्या पलीकडे ग्रह आहे हे तोवर मानवजातीस ठाऊक नव्हते. पुढे कॅरोलाइननेही स्वतः अनेक धूमकेतू शोधून काढले.

काशीहून गेलेली वेधशाळा

आपल्या देशात मात्र मोठे आरसे दीर्घकाळ परदेशांतूनच येत राहिले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये उभारलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेतील २० इंची परावर्तक दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात तयार झाली होती. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

स्वातंत्र्यानंतरच्या एका प्रयत्नाचा आरंभ मात्र काशीत झाला. संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने उत्तर प्रदेश सरकारची वेधशाळा २० एप्रिल १९५४ रोजी येथील शासकीय संस्कृत महाविद्यालयाच्या आवारात स्थापन झाली. बापूदेव शास्त्रींचे महाविद्यालय ते हेच. हिंदू गणिताचे इतिहासकार डॉ. अवधेश नारायण सिंह हे तिचे पहिले प्रमुख. त्याच वर्षी ते निवर्तले आणि तरुण डॉ. वेणू बाप्पू यांनी सूत्रे हाती घेतली. गंगेच्या मैदानातील धूळ आणि धूसर हवा वेधांस अनुकूल नाही हे ध्यानी घेऊन १९५५ मध्ये वेधशाळा नैनितालला हलविण्यात आली.

बाप्पू पुढे दक्षिणेत गेले. तामिळनाडूतील कावलूर येथे त्यांनी १९६८ च्या सुमारास वेधकेंद्र सुरू केले ते देशातच तयार केलेल्या ३८ सेंटीमीटरच्या दुर्बिणीने. त्यानंतर त्यांनी २३४ सेंटीमीटर व्यासाच्या दुर्बिणीचा संकल्प केला. तिच्या आरशाची काच परदेशातून आली. पण तिला घासून, झिलई देऊन आकार दिला तो बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील लोकांनी. १९८२ मध्ये बाप्पूंचे निधन झाले. पूर्ण झालेली दुर्बीण पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९८६ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. एवढ्या मोठ्या काचेवर हातांची जागा यंत्राने घेतली, तरी नेम तोच राहिला. थोडे घासावे, थंड होऊ द्यावे, तपासावे आणि पुन्हा घासावे.

काशीतून नैनितालला गेलेल्या त्या वेधशाळेचे नाव आज एरीज असे आहे. तिच्या देवस्थळ येथील केंद्रात २०२३ पासून चार मीटरचा एक विलक्षण आरसा काम करीत आहे. तो पाऱ्याचा आहे. पाऱ्याचे तबक सुमारे आठ सेकंदांत एक फेरा घेते आणि पारा आपोआप अन्वस्त आकार धारण करतो. तेथे कोणी घासत नाही. पण हा आरसा तिरपा करता येत नाही. डोक्यावरून जाईल तेवढेच आकाश त्याला दिसते. काचेचा आरसा वाटेल तिकडे वळविता येतो, ही त्या मेहनतीची कमाई.

गच्चीवर

आमच्या आरशावर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा लेप द्यावा लागला. त्यासाठी तो दुसऱ्या गावी पाठविला आणि परत येईपर्यंत घरात कोणाला चैन नव्हते. फाल्गुनात एका रात्री पुठ्ठ्याची नळी आणि सागवानी खोका गच्चीवर नेला. सहा इंची आरसा डोळ्याच्या बाहुलीच्या सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. गंगेवरच्या हवेत गुरू थोडा थरथरत होता; पण क्षणभर हवा स्थिर झाली आणि त्याच्यावरचे दोन तपकिरी पट्टे आणि बाजूचे चार चंद्र स्वच्छ दिसले. आई पुष्कळ वेळ पाहत राहिली. "हे सगळे त्या पिंपावर निघाले?" एवढेच तिने विचारले.

ज्या वाचकांस हे काम करून पाहावेसे वाटेल त्यांनी प्रथम अनुभवी माणसाची सोबत पाहावी. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणीत आली आहे; आयुकातही दुर्बीण घडविण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. पहिला आरसा सहा इंचांहून मोठा घेऊ नये. प्रत्येक पुडीसाठी वेगळे फडके ठेवावे. आणि तयार दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, मुलांना पाहू देऊ नये. डोळा कायमचा जातो.

काकांनी यंदा आठ इंची काच आणविली आहे. पिंप पुन्हा ओसरीत आले आहे, धान्याच्या कोठ्यांपासून दहा पावलांवर.